लोडरचा बोल्ट आतच तुटला, तर?

द्राक्षाची एप्रिलची खरड छाटणी उरकली की दिंडोरी-निफाडकडे शेणखताच्या ट्रॉल्या फिरायला लागतात. पूर्वी हे काम पाट्यांनी व्हायचं. आता त्या कामाला माणसं मिळत नाहीत, म्हणून ट्रॅक्टरला पुढून लोडर बसवून घेणारे वाढलेत. दोन पोलादी हात, टोकाला बकेट, हायड्रॉलिकवर वर-खाली. खत, मुरूम, चाळीतला सडका कांदा, सगळं तोच उचलतो. मग एखाद्या सकाळी, नेमकं आभाळ भरून आलेलं असताना, बकेट ढिगात शिरते, 'टक्' असा आवाज येतो आणि लोडर एका अंगाला कलतो. वाकून बघावं तर ब्रॅकेटच्या, म्हणजे लोडरला ट्रॅक्टरशी जोडणाऱ्या लोखंडी बैठकीच्या, एका बोल्टचं डोकं मातीत पडलेलं, आणि उरलेला तुकडा ट्रॅक्टरच्या अंगात.

पुढचं नाटक ठरलेलं असतं. पहिल्या तासाला शेजारून लांब पाइप येतो. दुसऱ्या तासाला चांगल्या असलेल्या बोल्टांपैकी आणखी एक तुटतो. तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टर गॅरेजला जातो आणि बिल बोल्टाच्या किमतीच्या कित्येक पट होतं. यातलं बरंचसं टळू शकतं. त्यासाठी बोल्ट कशाने धरतो आणि कशाने अडकतो, एवढं कळायला हवं.

बोल्ट म्हणजे न दिसणारी स्प्रिंग

बोल्टावरच्या नागमोडी खाचांना आपण आटे म्हणतो. बोल्ट आवळला की आटे त्याला आत ओढतात, डोकं ब्रॅकेटवर अडतं, आणि मधला दांडा किंचित ताणला जातो. किती? मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा. पण पोलाद तेवढंच ताणलं तरी परत आखडायला बघतं, आणि ती ओढ ब्रॅकेटला ट्रॅक्टरच्या अंगावर दाबून धरते. १६ मिलिमीटरचा, डोक्यावर ८.८ असं कोरलेला बोल्ट नीट आवळला तर त्याची पकड सुमारे सात टनांची असते. कांद्याने भरलेल्या ट्रॉलीहून जास्त.

आवळताना आपण पान्यावर जो जोर लावतो त्याचं काय होतं, हे ऐकून बहुतेक लोक चकित होतात. साधारण निम्मा जोर बोल्टाच्या डोक्याखालचं घर्षण खातं. चाळीसेक टक्के आट्यांमधलं घर्षण खातं. बोल्ट ताणायला उरतो तो जेमतेम दहा टक्के. हा हिशेब लक्षात ठेवा, शेवटी ग्रीसच्या भांडणात तो कामाला येणार आहे.

मग भर कामात तुटतो कसा?

सात टनांनी धरलेला बोल्ट शेणखताच्या ढिगाला भीत नाही. तुटतो तो सैल झालेला. ब्रॅकेट घट्ट दाबलेला असतो तोवर बकेटचा धक्का ब्रॅकेट आणि ट्रॅक्टरचं अंग मिळून झेलतात, बोल्टाला त्याची फारशी झळ लागत नाही. पकड गेली की दर धक्क्याला ब्रॅकेट हलतो आणि बोल्ट वाकतो, सरळ होतो, पुन्हा वाकतो. मांडवाची तार हाताने तोडायची असली की आपण हेच करतो. ओढून ती तुटत नाही, दहादा इकडे-तिकडे वाकवली की तुटते.

म्हणून तुटलेलं डोकं फेकून देऊ नका. पुसून त्याची तुटलेली बाजू उन्हात बघा. तिथे एका कडेला गुळगुळीत भाग आणि त्यावर झाडाच्या खोडात असतात तशी वलयं दिसली, तर तो बोल्ट महिनोन्‌महिने थोडा थोडा फाटत आला होता. शेवटचा खडबडीत भाग तेवढा त्या 'टक्' आवाजाचा. आता त्याच ब्रॅकेटचे बाकीचे बोल्टही त्याच वाटेवर आहेत असं समजून चाला. उलट तुटलेल्या भागावर पिळाच्या खुणा असतील, दांडा मुरडल्यासारखा दिसत असेल, तर तो माणसाच्या हाताने तुटलाय.

हा फरक नुसता पंचनाम्यापुरता नाही. काम करताना तुटलेल्या बोल्टाची पकड आधीच गेलेली असते. त्याचा आतला तुकडा पुष्कळदा मोकळा असतो. छिन्नीचं टोक कडेला टेकवून उलट्या दिशेने हलके ठोके दिले तरी तो फिरायला लागतो, आणि मग नुसत्या बोटांनी बाहेर येतो. पान्याने काढताना तुटलेला बोल्ट मात्र मुळात अडकलेला होता म्हणूनच तुटला. त्याच्यापुढे छिन्नी, पक्कड, शिव्या, काही चालत नाही. खालचा सगळा खटाटोप मुख्यतः या दुसऱ्या जातीसाठी आहे.

गंज फुगतो, हे मुख्य दुखणं

जुन्या घराच्या स्लॅबमधली सळई गंजली की खालून काँक्रीटचे ढपले निघतात. सळई पातळ झाली म्हणून नव्हे, गंज फुगला म्हणून. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा मागतो. स्लॅबला ढपला टाकता येतो. बोल्टाच्या आट्यांना पळायला जागाच नसते. तिथे गंज दाटून बसतो आणि पाचरीसारखा दोन्ही बाजूंना दाब देतो. बोल्ट 'चिकटला' असं आपण म्हणतो, प्रत्यक्षात तो चेपला गेलेला असतो.

आपल्याकडच्या लोडरला गंजाची घाई जरा जास्तच. शेणखत आणि कोंबडखत ओलं असतं, त्यात क्षार असतात. पोटॅश म्हणून आपण टाकतो तो क्षारच, समुद्राच्या मिठाचा सख्खा भाऊ. आणि द्राक्षबागेत तर मोरचूद आहेच. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारणीसाठी करताना चुना पुरेसा पडला का हे बघायला जुनी माणसं त्यात विळा बुडवतात. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी. तो थर म्हणजे मोरचुदातलं तांबं लोखंडावर बसलेलं असतं आणि तेवढं लोखंड विरघळून गेलेलं असतं. चुना कमी पडलेल्या मिश्रणाचे शिंतोडे बोल्टावर उडाले तर तिथेही हाच प्रयोग चालतो, फक्त कोणी बघत नसतं. शिवाय लोखंडावर तांब्याचे कण बसले आणि वरून ओल आली की त्यांच्याशेजारचं लोखंड आणखी लवकर गंजतं.

गंजाखेरीज आणखी एक गोष्ट बोल्ट धरून ठेवते. काही बोल्ट बसवताना आट्यांना लाल रंगाचा डिंकासारखा द्रव लावलेला असतो, थ्रेडलॉकर. हा कडक होऊन दगड बनतो आणि साधारण २५० अंश सेल्सिअसला मऊ पडतो. त्याला तेल लागू पडत नाही, उष्णताच लागते.

पान्याला हात लावण्याआधी

बकेट जमिनीला टेकवा. हात वर ठेवूनच काम करायचं असेल तर खाली लाकडाचे भक्कम ओंडके किंवा लोखंडी टेकू हवेत. हायड्रॉलिकच्या भरवशावर कोणीही त्या हातांखाली शिरू नये, पाच मिनिटांसाठीही नाही. एक बोल्ट तुटलेला असताना ब्रॅकेटचा भरवसा तर मुळीच नाही. इंजिन बंद करून लिव्हर पुढे-मागे करा म्हणजे नळ्यांमधला दाब उतरतो. आणि नळीतून बारीक तेल उडत असेल तर बोटाने चाचपडू नका. दीडशे-दोनशे बारच्या दाबाची तेलाची बारीक धार सुईसारखी कातडीत शिरते. वरून नुसता ठिपका दिसतो, आत हात सडायला लागतो. असं झालं तर पट्टी बांधून घरी बसायचं नाही, लगेच मोठ्या दवाखान्यात जायचं आणि 'तेल आत गेलंय' असं स्पष्ट सांगायचं.

"पाइप लावला की सुटतोच की"

सुटतो, आणि तुटतोही. हिशेब करून बघू. १६ मिलिमीटरचा ८.८ चा बोल्ट आवळायला एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला सुमारे २० किलोचा जोर लागतो. त्याच दांड्यावर ६० किलोचा माणूस लोंबकळला की तिप्पट झाला. आट्यांना गंजाने धरून ठेवलं असेल तर तेवढ्या जोरात दांडाच पिळून तुटतो. पाइप बोल्टाला ताकद देतो, गंजाला काहीच करत नाही.

खरी खूण हाताला कळते. बोल्ट सुटतो तेव्हा 'कर्रर्र' असा कोरडा आवाज करून एकदम थोडासा सरकतो. तुटणार असतो तेव्हा आवाज न करता रबरासारखा, मऊ मऊ फिरतो. पाना फिरतोय म्हणून आपण खूष होतो आणि बोल्ट मात्र पिळत चाललेला असतो. हाताला असं मऊ लागलं की तिथेच थांबायचं.

सुटायला लागलेला बोल्टही एका दमात काढू नये. चिखलात रुतलेला ट्रॅक्टर आपण पुढे-मागे झुलवून काढतो, तसंच इथे. पाव फेरा सोडायचा, थोडा परत आवळायचा, तेल टाकायचं, पुन्हा सोडायचा. गंजाची भुकटी आट्यांत दाटली की निम्मा बाहेर आलेला बोल्टही परत अडकतो आणि तिथे तुटतो. पाना सहा कोनांचा, पूर्ण बसणारा घ्या. बारा कोनांचा जुना रिंग पाना डोक्याचे कोपरे खातो आणि मग दुखण्यात दुखणं.

"रॉकेल टाकून ठेवलं तर?"

काही नसेल तर रॉकेलही चालतं, डिझेलही. वंगणापेक्षा पातळपणा महत्त्वाचा, कारण तेलाला केसाहून अरुंद फटीतून वर-खाली कुठेही चढायचं असतं. दिव्यातलं तेल वातीतून चढतं त्याच नियमाने. दुकानात मिळणारे गंज सोडवायचे स्प्रे म्हणजे असंच पातळ तेल. बरेच मेकॅनिक ॲसिटोन आणि पॉवर स्टिअरिंगचं तेल निम्मं-निम्मं मिसळून वापरतात. ते चांगलं शिरतं, पण ॲसिटोन पेट्रोलसारखं भडकतं, म्हणून ते टाकल्यावर जवळ वेल्डिंग किंवा गॅस अजिबात नको. दोघं एकमेकांत नीट मिसळून राहत नाहीत, दरवेळी हलवून घ्यावं लागतं.

लोक तेल टाकतात आणि दहा मिनिटांत पाना लावतात. एवढ्यात तेल पहिल्या दोन आट्यांपर्यंतसुद्धा पोचत नाही. रात्री टाका, सकाळी टाका, दुपारी पाना. मधे मधे हातोडीने डोक्यावर सरळ, टिचकीसारखे वीस-तीस ठोके. घण नको. ठोक्याने गंजाच्या थराला बारीक चिरा जातात आणि तेलाला वाट मिळते. माझ्या मते सगळ्यांत जास्त बोल्ट वाचतात ते या एका रात्रीच्या धीराने, पण ट्रॉली दारात उभी असताना तो कोणाकडे नसतो.

बैलगाडीची धाव आणि तापलेलं भोक

लाकडी चाकावर लोखंडी धाव कशी चढवतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. धाव भट्टीत लाल करतात, ती मोठी होते, चाकावर बसते, पाणी ओतलं की आवळते. बोल्टाचं भोक ही आपली धाव. भोकाच्या आजूबाजूचं लोखंड तापवलं की भोक मोठं होतं. १६ मिलिमीटरच्या भोकाला २०० अंश उष्णता जास्त दिली तर ते जेमतेम ०.०३ मिलिमीटरने वाढेल, म्हणजे केसाच्या जाडीच्या निम्म्याने. ऐकायला काहीच नाही, पण गंजाचा थर तडकायला तेवढं पुरतं.

आच बोल्टावर न धरता त्याच्या भोवती फिरवायची. मग कोमट झालं की पान्याने पुढे-मागे. गरम असताना बोल्टाच्या मुळाशी साधी मेणबत्ती टेकवली तर वितळलेलं मेण वातीसारखं आत ओढलं जातं आणि चांगलं वंगण होतं. हा उपाय मला एका जुन्या फिटरने दाखवला तेव्हा मी हसलो होतो. आता गाडीत मेणबत्ती असते.

इथे एक धोका आपल्याच स्वयंपाकघरातून ओळखीचा आहे. ट्रॅक्टरचं अंग, ज्यात हे बोल्ट शिरतात, ते बहुतेक बिडाचं असतं. बिडाचा तापलेला तवा गार पाण्याखाली धरला तर काय होतं? म्हणून आच एका ठिकाणी रोखून धरायची नाही, मोठ्या भागावर सावकाश फिरवायची, आणि पाणी ओतायचं नाही. जवळ डिझेलची टाकी, रबरी नळ्या, वायरी, तेलाचे सील असतील तर गॅसचा नाद सोडावा. सील शंभर-सव्वाशे अंशांच्या पुढे टिकत नाहीत. आणि आधी ब्रेक साफ करायचा स्प्रे मारला असेल तर तो पूर्ण उडून जाऊ द्या. त्यातल्या काही प्रकारांचा आगीशी संबंध आला की विषारी वायू तयार होतो.

एकदा लाल केलेला बोल्ट परत वापरायचा नाही. कारखान्यात त्याला जी ताकद उष्णता देऊन दिलेली असते, ती आपण उष्णता देऊनच काढून घेतलेली असते.

डोकं उडाल्यावर पहिला उपाय: वरून नट वेल्ड करणं

आता तुकडा आत आहे आणि धरायला काही नाही. अशा वेळी जाणते मिस्त्री ड्रिल काढत नाहीत, वेल्डिंग मशीन काढतात. तुकडा बाहेर डोकावत असेल किंवा पृष्ठभागाशी सपाट असेल तर त्यावर एक जाड वायसर ठेवतात, तुकड्याला वायसर वेल्ड करतात, वायसरवर नट ठेवून नटाच्या पोटातून पुन्हा वेल्ड भरतात. झालं नवं डोकं. तुकडा भोकात खोल असेल तर आधी थेंब थेंब वेल्ड टाकून तो वर आणतात. भोकाच्या आट्यांना वेल्ड लागू नये म्हणून तांब्याच्या नळीचा तुकडा आत सरकवतात, कारण तांब्याला वेल्ड सहजी धरत नाही.

या उपायाची गंमत नटापेक्षा उष्णतेत आहे. तुकडा आतून लालबुंद होतो आणि फुगायला बघतो, पण भोवतीचं बीड गारच असतं, ते त्याला फुगू देत नाही. मऊ पडलेला तुकडा तिथल्या तिथे चेपला जातो. गार होताना तो आखडतो, आता आधीपेक्षा किंचित बारीक. गंजाचा थर चुरा झालेला असतो. म्हणून वेल्ड केल्याबरोबर पाना लावायची घाई करू नये. हात ठेवता येईल इतका गार होऊ द्यावा, तेल टाकावं, मग पुढे-मागे. पहिला नट तुटून निघाला तरी वाईट वाटून घेऊ नका. दुसरा, तिसरा लावा. दर वेळी उष्णता बसते आणि तुकडा आणखी सैल होतो.

वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या वायरी सोडायच्या आणि अर्थिंगची पक्कड अगदी बोल्टाशेजारी लावायची. दूर मागे लावली तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि तिथे खड्डे पाडतो. चकचकीत मुलामा दिलेला बोल्ट असेल तर त्यातल्या जस्ताचा पांढरा धूर नाकात जाऊ देऊ नका. रात्री हुडहुडी भरून ताप येतो.

"इझी-आउट आहे ना माझ्याकडे"

नाव फसवं आहे. तुटलेल्या तुकड्यात ड्रिलने भोक पाडायचं, त्यात हा उलट्या पिळाचा निमुळता खिळा ठोकायचा आणि उलटा फिरवायचा, अशी कल्पना. आता विचार करा: निमुळती वस्तू भोकात ठोकली की ती पाचरीचं काम करते. तुकडा बाहेरच्या बाजूला फुगतो आणि भोकात आणखी दाटतो. सात टनांच्या बोल्टाचं ज्याच्यापुढे चाललं नाही, त्या गंजाशी करंगळीएवढा खिळा लढणार. शिवाय तो इतका कडक पोलादाचा असतो की वाकत नाही, काचेसारखा तुटतो. आणि तुटला की त्यात साधं ड्रिल शिरत नाही, कारण तो ड्रिलइतकाच कडक.

मी हे स्वतः केलंय, चुलतभावाच्या ट्रॅक्टरवर, त्याने नको म्हटलेलं असताना. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतून मिस्त्री आले, टॉर्च मारून भोकात बघितलं आणि विचारलं, "दादा, हे कोणी घातलं आत?"

"मीच."

"बरं. मग आज जेवायला तुमच्याकडेच."

दुपारचं जेवण झालं, संध्याकाळचा चहाही झाला. कार्बाइडच्या बारीक टोकाने ते तो खिळा कोरत बसले होते. अशी वेळ येऊ नये, पण आलीच तर सातपूर-अंबडच्या टूलरूममध्ये ठिणग्यांनी कडक पोलाद खाणारी स्पार्क मशीन असतात. अडचण एवढीच की मशीन ट्रॅक्टरपर्यंत जात नाही आणि ट्रॅक्टरचं अंग सोडवून मशीनपर्यंत न्यायला अर्धा ट्रॅक्टर उघडावा लागतो. इझी-आउट वाईट नाही, पण तो मोकळ्या तुकड्यासाठी आहे, अडकलेल्यासाठी नाही.

ड्रिल मारायचंच असेल तर

सगळं मध्यावर अवलंबून. तुटलेला भाग खडबडीत असतो, त्यावर बिट घसरतं आणि बिडाच्या मऊ बाजूला पळतं. आधी छोट्या ग्राइंडरने तो सपाट करा. मग पंचाने मध्यावर खूण. ब्रॅकेट जागेवर असेल तर त्याच्या भोकाचा वाटाड्यासारखा उपयोग होतो: टर्नरकडून एक बुश बनवून घ्यायचा, बाहेरून ब्रॅकेटच्या भोकात घट्ट बसणारा आणि आतून बिटाच्या मापाचा. अर्ध्या तासाचं लेथचं काम, पण बिट मग नाकासमोर चालतं. नाशिकमध्ये टर्नर शोधायला फार फिरावं लागत नाही, हे आपलं भाग्य.

१६ मिलिमीटरच्या बोल्टाला आधी ५ चं बिट, मग ८, ११ आणि शेवटी १३. नवे आटे पाडायला १४ चं भोक लागतं, त्यामुळे तेराच्या पुढे गेलात की जुने आटे खायला लागलात असं समजा. वेग कमी, दाब जास्त, तेल सतत. दहाच्या बिटाला अशा कडक बोल्टात मिनिटाला चार-पाचशे फेरे पुष्कळ झाले. भन्नाट वेगाने फिरवलं की बिट जळतं आणि बोल्टाचा पृष्ठभाग आणखी कडक होतो. उलट्या दिशेने कापणारी डावी बिटं मिळाली तर सोनं. भोक पाडता पाडताच कधी कधी तुकडा त्याच दिशेने फिरून बाहेर येतो.

किती खोल जायचं? शेजारचा चांगला बोल्ट काढून मोजा आणि बिटाला तेवढ्यावर टेप गुंडाळा. काही भोकं आरपार गिअरबॉक्सच्या तेलात उघडतात. तिथे पडलेला किस पुढे गिअर खातो.

तेरापर्यंत गेल्यावर उरतं ते पातळ सालपट. ते बारीक छिन्नीने आत दुमडलं की कधी कधी आटे स्प्रिंगसारखे सुटून येतात. मग टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. बाजारात तीन टॅपांचा संच मिळतो, बुडाशी शेवटचा सपाट टोकाचा लागतो.

"आटेच गेले. आता अंगच बदलायचं का?"

नाही. एक तर भोक मोठं करून १८ चा बोल्ट बसवता येतो, ब्रॅकेटमध्ये जागा असेल तर. दुसरा उपाय हेलिकॉइलचा, म्हणजे भोकात मोठे आटे पाडून त्यात पोलादी तारेची गुंडाळी बसवायची आणि त्या गुंडाळीच्या आत परत १६ चे आटे मिळतात. लोकांना तो जुगाड वाटतो. बिडाच्या आट्यांपेक्षा ही पोलादी गुंडाळी झिजेला जास्त टिकते, आणि माझ्या अनुभवात भोक मोठं करण्यापेक्षा तीच बरी.

"कटकट नको, ब्रॅकेट सरळ वेल्डच करून टाकू"

हा सल्ला प्रत्येक वस्तीवर देणारा एक जण असतो. बिडाला साध्या रॉडने वेल्ड केलं की जोडाशेजारचा भाग काचेसारखा ठिसूळ होतो. दोन-चार महिने ठीक जातं, मग तडा वेल्डात न जाता ट्रॅक्टरच्या अंगात जातो. बोल्ट तुटला तर बोल्ट बदलता येतो. अंग तडकलं तर तेल गळतं, क्लच काढायला ब्रॅकेट कापावा लागतो, आणि तो जुना ट्रॅक्टर विकताना घेणारा पहिल्यांदा तिथेच बोट ठेवतो.

नवा बोल्ट कोणता, आणि ग्रीस लावायचं का?

डोक्यावरचा आकडा वाचा. ८.८ मधला पहिला ८ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८० किलो ओढलं की तुटतो. दुसरा ८ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत ताणला तरी मूळ लांबीवर परत येतो. १०.९ त्याहून कडक. ज्याच्या डोक्यावर काहीच नाही तो गेटाच्या बिजागरीला ठीक, लोडरला नाही. मूळ ८.८ असेल तर ८.८, १०.९ असेल तर १०.९. एक तुटला तर त्या ब्रॅकेटचे सगळे बदला, कारण बाकीच्यांनीही तेच धक्के खाल्लेत. आणि बिडात बोल्ट त्याच्या जाडीच्या निदान दीडपट खोल शिरला पाहिजे. दुकानात आखूड मिळाला म्हणून तोच बसवला तर दोनच आटे सगळा भार घेतात.

ग्रीसवर दोन पक्ष आहेत. एक म्हणतो ग्रीस लावलं की बोल्ट सैल पडतो, दुसरा म्हणतो लावल्याशिवाय पुढच्या वेळी सुटणार नाही. दोघांना थोडं थोडं खरं दिसलंय. वरचा हिशेब आठवा: जोराचे नव्वद टक्के घर्षणात जातात. ग्रीसने घर्षण कमी केलं की तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो. म्हणजे त्याच टॉर्कला, पान्यावरच्या तेवढ्याच पिळाला, तो सैल राहायच्या ऐवजी जरुरीपेक्षा जास्त आवळला जातो, आणि कधी कधी तिथेच तुटतो. म्हणून गंजरोधक पेस्ट लावायची असेल तर लावा, आमच्याकडच्या मोरचुदाच्या शिंतोड्यांत मी तर लावतोच, पण टॉर्क पान्यावरचा आकडा पुस्तकातल्यापेक्षा वीस-पंचवीस टक्के कमी धरा. लोडरच्या पुस्तकात 'कोरडा' लिहिलंय की 'तेल लावून' हे आधी बघा, कारण काही जण तेल लावलेलाच आकडा देतात, मग तो आणखी कमी करायचा नाही. टॉर्क पाना विकत घेणं जड वाटत असेल तर गटात एक घ्या.

नव्या बोल्टांवर पहिले आठ-दहा तास काम झालं की पुन्हा पाना लावायचा. रंगाचे थर, मातीचे कण, ब्रॅकेटवरचे उंचवटे चेपले जातात आणि पकड थोडी उतरते. आवळून झाल्यावर डोक्यावरून ब्रॅकेटपर्यंत एक रेघ ओढून ठेवली की सकाळी ट्रॅक्टर सुरू करताना नुसत्या नजरेने कळतं, रेघ तुटली म्हणजे बोल्ट फिरला. आमच्या चुलतभावाच्या लोडरवर या सगळ्या रेघा गुलाबी आहेत. पुतणीची नेलपॉलिशची बाटली अर्धी झाली, तेव्हा तिला कळलं.